घरजावयाला आलेली शंका

काही माणसांना शंका ढेकरेसारखी येते. खाल्लेलं दुसऱ्याचं असतं, आवाज मात्र यांचा. आमचे जावईबापू त्यातले.

सगळी वस्ती त्यांना जावईबापू म्हणते, आणि त्यात मान शोधायला जाऊ नका. लग्न झालं, सासूच्या खोलीत राहायला आले, दारातल्या उजेडाला शिलाईचं मशीन टाकून बसले, ते अजून उठले नाहीत. धंदा शिंप्याचा. पण नवा कपडा शिवायला त्यांच्याकडे शहाणा माणूस देत नाही. उसवणं, आत घेणं, बाहेर सोडणं, तुटलेली चेन बदलणं, एवढंच. शिवाय मोठ्या दुकानांचं एक काम असतं. कॉलरीच्या आत दुकानाच्या नावाची पट्टी शिवायची. शर्ट कुठल्या तरी कोंदट माडीवर कुणी तरी शिवलेला, कापड तिसरीकडचं आणि नाव चकाचक दुकानाचं. ती नावं गठ्ठ्यानं यांच्याकडे येतात. ओठांत टाचण्या धरून हे दिवसभर दुसऱ्याच्या कामाला तिसऱ्याचं नाव शिवत बसतात. बोलतातही टाचण्या धरूनच, तोंडाच्या एका कोपऱ्यातून, फुसफुसत. ऐकणाऱ्याला निम्मं कळत नाही. नुकसान काही होत नाही.

आता खोलीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथंच घडलं.

आमच्या बैठ्या खोल्या हमालांसाठी बांधलेल्या. रस्त्याच्या तोंडाशी पहिली खोली मावशीची. मावशी म्हणजे जावईबापूंची सासू, पण ती सगळ्यांचीच मावशी. तिच्या दर्शनी भिंतीवर दगडी पाटी आहे. थोर नाटककार या खोलीत राहत होते आणि त्यांनी आपली पाचही नाटकं इथंच लिहिली, असं तिच्यावर कोरलेलं आहे. ते नाटककार म्हणजे मावशीचे आजोबा. वखारीत हमाल होते. पाठीवर पोती वाहिली आणि नाटकं लिहिली. ती नाटकं शाळेत शिकवतात, कॉलेजात त्यांच्यावर लोक पदव्या मिळवतात, पुढारी भाषणात त्यांची वाक्यं चुकीची म्हणतात. इतकं सगळं त्यांचं झालंय.

त्या पाटीमुळेच आम्ही अजून इथं आहोत. नगरपालिकेला रस्ता रुंद करायचाय. तो सरळ येतो आणि मावशीच्या भिंतीपाशी अडतो, कारण स्मारकाची खोली पाडता येत नाही. ती पडली की मागच्या सगळ्या पडतात. पाटी आहे तोवर खोली, खोली आहे तोवर आम्ही. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फक्त जावईबापूंना ते त्या पाटीखाली झोपूनही कळलं नव्हतं.

त्यांचंही एक दुखणं होतं, नाही असं नाही. पाटी बघायला लोक यायचे. शाळेची मुलं, कॉलेजची मुलं, परगावचे कुणी चष्मेवाले. ते आले की पहिलं वाक्य ठरलेलं: "जरा बाजूला होता का? फोटो घ्यायचाय." जावईबापूंनी शर्ट मांडीवरून काढायचा, मशीन ढकलायचं, उभं राहायचं. लोक आत येऊन खिळ्याला टांगलेला आजोबांचा आकडा बघायचे. पोतं ओढायचा लोखंडी आकडा. त्याला हात लावून डोळे मिटायचे. एकदा एका बाईनं तर मशीनवर चादर घातली. म्हणाली, फोटोत विसंगत दिसतं. ज्या मशीनवर घर चालतं ते विसंगत आणि ज्या आकड्यावर आता धूळही चढू देत नाहीत तो सुसंगत! इथवर मला जावईबापूंची कीव येते. इथवरच.

एकदा कॉलेजचे सर मुलांना घेऊन आले. अंगात कोट. मशीनवर कोपर टेकून त्यांनी प्रवचन सुरू केलं. म्हणे, शैली म्हणजे लेखकाच्या अंगठ्याचा ठसा, पाचही नाटकांवर एकाच प्रतिभेचा शिक्का आहे, आंधळ्यालाही कळेल. जावईबापू शेजारी उभे. त्यांची नजर सरांच्या कॉलरीत.

"सर, कोट कुठला घेतला?"

सरांनी दुकानाचं नाव सांगितलं. छाती जरा पुढे आली.

"कॉलरीतली पट्टी माझ्या हातची," टाचण्यांमधून आवाज आला. "कोट कुणी शिवला ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

"विनोदी आहात," म्हणून सर हसले आणि पुन्हा प्रतिभेकडे वळले. जावईबापू हसले नाहीत. त्या दिवशी जेवताना त्यांनी घास हातात धरून सासूला विचारलं, "नाटकं आजोबांनीच लिहिली, हे कशावरून?"

मावशी म्हणाली, "तुम्ही जेवताय ते ताट माझं आहे, हे कशावरून?"

तेवढ्यावर सुज्ञ माणूस गप्प बसला असता.

खरी गंमत अशी की या गृहस्थानं तोवर एकही नाटक वाचलेलं नव्हतं. पाटीखाली एवढा जन्म काढला आणि वर काय कोरलंय तेही मान वर करून वाचलं नसेल. आता मात्र पाचही नाटकं आणली. मशीनच्या फळीवर पुस्तक, एका हातानं पान, दुसऱ्या हातानं पट्ट्या. कापड बघावं तशी नाटकं बघायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचे, "हे बघा, पहिल्या अंकाची टीप बारीक. दुसऱ्याची मोठी, घाईची. तिसऱ्याला तर दुसऱ्याच हातानं बाही लावलीय. हे एका कारागिराचं काम नाही." लोक चेन बदलायला आलेले. ते "हो का" म्हणायचे आणि पॅन्ट घेऊन पळायचे.

सगळ्यात जास्त ते कोर्टाच्या प्रवेशावर अडले. तो प्रवेश शाळेत प्रत्येकानं पाठ केलेला असतो. एक पोतं फाटलंय, माल सांडलाय आणि न्यायाधीश विचारतोय:

"पोतं कुणी फाडलं?"

"ज्यानं शिवलं नाही त्यानं."

"शिवलं कुणी नाही?"

"ज्याला सुई मिळाली नाही त्यानं."

"सुई कुणी दिली नाही?"

आणि पडदा. उत्तर नाहीच. पाचही नाटकांत असा एकेक प्रश्न उघडा टाकलेला आहे. या उघड्या प्रश्नांवर विद्वानांनी जेवढा कागद खर्च केलाय तेवढा नाटककारानं नाटकांवर केला नसेल. 'अर्थगर्भ मौन' म्हणतात त्याला. परीक्षेत त्याला हमखास गुण. जावईबापूंचं म्हणणं, हे मौनबिऊन काही नाही, ही उघडी शिवण आहे. ज्यानं लिहिलं त्याला उत्तर माहीत होतं आणि छापायची हिंमत नव्हती. म्हणजे ज्याला गमवायला काही तरी होतं, असा माणूस. कोर्टाची रीत माहीत असलेला माणूस. शिकलेला माणूस.

"कोण?" मी विचारलं. माझा पाय मशीनच्या पायट्यावर होता, ते शिवू शकत नव्हते. वस्तीची गाऱ्हाणी साहेबांपुढं मी नेते, म्हणून ते मला पुढारीणबाई म्हणतात.

"पुढारीणबाई, डोकं चालवा. वखारीचा मालक. कोर्टकचेऱ्या त्याच्या, पुस्तकांचं कपाट त्याच्याकडं, पहिला प्रयोग त्याच्याच अंगणात झाला. आजोबांचं नाव वापरलं, झालं. पट्टी शिवली."

"म्हणजे पोती मालकाची आणि नाटकंही मालकाचीच? मग हमालाचं काय, मणका तेवढा?"

"हमालाला लिहायला कुणी शिकवलं?"

"पोत्यांवरची छापील अक्षरं बघून शिकले आजोबा. सगळ्या वस्तीला माहीत आहे."

"पोतं बघून माणूस 'साखर' लिहायला शिकतो, पुढारीणबाई. नाटक नाही."

मी पायट्यावर अशी लाथ घातली की सुई मोडली. नवी सुई मी दिली नाही, आधीच सांगते.

मला राग शंकेचा नव्हता. शंका घ्यावी. मी तर जन्मभर साहेबाच्या प्रत्येक सहीवर शंका घेत आले. पण हा माणूस शंका घेऊन गेला कुठं? वर. शिंप्याला शंका आली की हमालानं लिहिलं नसेल, आणि उत्तर काय काढलं, तर शेठनं लिहिलं असेल! आपल्याला जे जमलं नाही ते आपल्यासारख्याला जमलं, हे या लोकांना पचत नाही. शेठला जमलं तर लगेच पचतं. शेठला काय, सगळंच जमतं. असे घोडे मी खूप बघितलेत, लगाम तोंडात घेऊन स्वतःच टांगा शोधत फिरणारे.

टांगा सापडला. मालकाच्या नातवंडांचं एक प्रतिष्ठान आहे. जावईबापू चार पानं खरडून तिथं गेले. त्यांनी खुर्ची दिली. बशीसकट चहा दिला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना "जरा बाजूला व्हा" म्हटलं नाही, तेवढ्यातच हे विरघळले. प्रतिष्ठानच्या अंकात लेख छापून आला, फोटोसकट. फोटोखाली लिहिलं होतं: 'वस्त्रकार व संशोधक'. वस्त्रकार! चेन बदलणारा वस्त्रकार! लेखात एक वाक्य ठळक अक्षरांत होतं, की असं वाक्य अंगमेहनतीच्या माणसाला सुचणं अशक्य आहे. हे लिहिणारा माणूस दिवसभर पायानं मशीन चालवतो.

त्यांच्या बायकोनं तो अंक चुलीपाशी उभं राहून वाचला. ती दवाखान्यात आया आहे, उभं राहूनच वाचायची सवय. वाचून झाल्यावर म्हणाली, "आईच्या घरात बसून आईचं घर पाडताय."

"मी सत्य शोधतोय."

"शोधा की. पण आधी भाड्याची खोली शोधा."

तिला जे एका वाचनात दिसलं ते नगरपालिकेलाही दिसलं. पंधरवड्यात दारावर नोटीस चिकटली. संशोधनातून नवी माहिती पुढे आल्यामुळे सदर खोली स्मारक आहे की नाही याचा फेरविचार होणार, हरकती असल्यास सुनावणीला हजर राहावं. सोबत पुरावा म्हणून जावईबापूंचा लेख, 'वस्त्रकार व संशोधक' फोटोसकट. त्यांचं तोंड पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखं झालं.

"मला काय माहीत रस्त्याचं?" म्हणाले. "सत्याचा आणि रस्त्याचा काय संबंध?"

"आता साक्षीला जाऊ नका म्हणजे झालं," बायको म्हणाली.

"शब्द दिलाय. प्रतिष्ठानच्या वकिलानं मला मुख्य साक्षीदार लिहिलंय. मुख्य!"

त्या 'मुख्य'पायी हा माणूस बेघर व्हायला तयार होता, आणि आम्हा सगळ्यांना सोबत न्यायला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी मावशीकडे गेले. ती दारात बसून आकड्याला तेलाचं बोट फिरवत होती. मी तिला साक्ष पढवायला लागले. "मावशी, तू फक्त एवढंच सांगायचं. आजोबा रोज बसून लिहायचे आणि तू तुझ्या डोळ्यांनी बघितलंस."

"बघितलंस का, असं आधी विचार ना."

"बघितलंस का?"

"लिहिताना बघितलं. रचताना नाही."

मला वाटलं, जावयाच्या संगतीनं हिचंही डोकं फिरलं. मग ती सांगत गेली.

वखारीत पोती वाहायची ती टोळीनं, एकामागे एक, रांगेत. पाठीवर पोतं आणि मान खाली, त्यामुळे माणसाला दिसतात फक्त पुढच्याच्या टाचा. कोण बोललं ते दिसत नाही, आवाजावरून ओळखायचं. पाऊल एकसारखं पडावं आणि दम टिकावा म्हणून पुढचा एक सवाल टाकायचा. मागच्यानं जवाब द्यायचा. त्याच्या मागच्यानं त्यावर सवाल. असं करत शेवटच्यापर्यंत. मधल्यांचे सवाल-जवाब जमले की ठरून जायचे, पण शेवटच्यानं दर फेरीला नवं उत्तर द्यायचं. शिळं दिलं तर टोळी हुर्यो करायची आणि पुढचं पोतं थप्पीच्या टोकावर त्यानंच चढवायचं. आजोबांना तेवढी अक्षरं येत होती, म्हणून ते रांगेत ऐकलेलं घरी येऊन लिहायचे, जोडायचे, गोष्ट लावायचे.

"आणि शेवटचं उत्तर?"

"ते लिहायचे नाहीत. ते शेवटच्या माणसाचं. ते त्यांच्या हातात कुठं होतं?"

अर्थगर्भ मौन! कितीक लोक त्या मौनावर डॉक्टर झाले, आणि तिथं फक्त एका हमालाची जागा राखून ठेवलेली होती.

"मग पुस्तकावर एकट्याचं नाव कसं?"

"टोळीला नाव एकाचंच असतं गं. वखारीत विचारायचे, कुणाची टोळी? सगळे आजोबांचं नाव सांगायचे. छापखान्यात विचारलं, कुणाचं नाटक? तिथंही सगळ्यांनी तेच सांगितलं. काम टोळीचं, नाव पुढच्याचं, ही त्यांची रीतच होती. त्यात खोटं बोलतोय असं कुणाच्या मनातही आलं नाही. छापखानेवाला वेगळं समजेल हे त्यांना काय ठाऊक?"

"म्हणजे जावयाचं खरं?"

"अर्धं. उसवलं बरोबर, शिवलं चुकीचं."

मी हात जोडले. "मावशी, उद्या यातलं अक्षर बोलू नकोस. खोली जाईल."

"माहीत आहे. आजवर गप्प बसले ती खोलीपायीच. मी काही सत्याची मूर्ती नाही." तिनं आकडा खिळ्याला लावला. "पण उद्या जावई मालकाचं नाव घेणार. आजोबांना ते नाव टोळीनं दिलेलं. परत टोळीकडं गेलं तर मला चालेल. मालकाकडं गेलेलं नाही चालणार. मग खोली राहो नाही तर जावो."

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना सर्दी झालेली. टेबलावर काच, काचेखाली देवाघरी गेलेल्या नियमांचे कागद, आणि वर पंखा असा की कागद उडतील पण घाम वाळणार नाही. मागच्या बाकावर आमचे म्हातारे हमाल बसले. त्यांच्यात वाकडे काका. पोत्यांनी त्यांची मान कायमची एका बाजूला कलली आहे, त्यामुळे ते सरळ बोलत असले तरी साहेबांना वाटतं तिरकं बोलतायत.

जावईबापू बाहेर व्हरांड्यात. इस्त्रीचे कपडे, हातात लेखाची प्रत, केसांना तेल. मुख्य साक्षीदार! आणि मी डोळ्यांनी बघितलं. प्रतिष्ठानचा वकील घाईत आला, कोटाचं अस्तर खालून सुटून लोंबत होतं. त्यानं जावईबापूंकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, तू शिंपीच ना? हे जरा पटकन बघ."

तुम्हीचं तू झालं. संशोधकाचा शिंपी झाला. जावईबापूंच्या खिशात सुईदोरा असतोच. मुख्य साक्षीदार व्हरांड्यात गुडघ्यावर बसले आणि वकिलाचं अस्तर शिवायला लागले. टाचण्या सवयीनं ओठांत. आतून पुकारा झाला तसे दोघं तसेच आत गेले, वकील पुढं, हे मागं, दोरा तोडत.

वकिलानं लेख वाचून दाखवला. टीप बारीक, टीप मोठी, उघडी शिवण. मग मावशीला विचारलं, "आजी, तुमच्या आजोबांना कोर्टाचं कामकाज माहीत होतं का?"

"नव्हतं."

"मग कोर्टाचा हा प्रवेश त्यांनी एकट्यानं रचला, असं तुम्ही शपथेवर सांगू शकता?"

मी मावशीचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

"नाही," ती म्हणाली. "एकट्यानं नाही रचला."

वकील साहेबांकडे वळून हसला. साहेब लिहायला लागले, तेवढ्यात मावशी खुर्चीतून उठली, सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं, मान खाली घातली. पाठीवर पोतं असल्यासारखी. आणि मोठ्यानं विचारलं, "पोतं कुणी फाडलं?"

साहेबांचं पेन थांबलं. मागच्या बाकावरून, मान न उचलता, वाकडे काका, "ज्यानं शिवलं नाही त्यानं!"

"शिवलं कुणी नाही?" हा त्यांच्या शेजारचा, दात नसलेला.

"ज्याला सुई मिळाली नाही त्यानं!" तिसरा. पाय जमिनीवर वाजायला लागले, एका चालीत. मग बाकाच्या टोकाचा चौथा:

"सुई कुणी दिली नाही?"

इथं पडदा. इथं विद्वानांचं मौन. म्हाताऱ्यांचे पाय अजून वाजत होते, थांबले नव्हते, आणि मला कळलं की ते वाट बघतायत. बाक संपला होता. रांगेच्या टोकाला, वकिलाच्या मागं, उभे होते ते जावईबापू.

आणि त्या गधड्यानं, टाचण्या ओठांत, कोपऱ्यातून, पण एकदम स्पष्ट, ठणकावून सांगितलं, "ज्याच्या कोटाच्या अस्तराला ती आत्ता लागली, त्यानं!"

आधी वाकडे काका हसले. मग सगळा बाक. मग साहेब, आणि सर्दीमुळे त्यांना हसताना शिंका आली. वकिलानं नकळत अस्तरावर हात ठेवला, म्हणून पुन्हा हसणं झालं.

"हा साक्षीचा भाग नाही," वकील म्हणाला.

साहेबांनी नाक पुसलं. "थांबा हो. काय हो साक्षीदार, ही ओळ कुठल्या नाटकातली?"

"कुठल्याच नाही."

"मग कुणाची?"

जावईबापूंनी एकेक करून टाचण्या काढल्या आणि बाहीला टोचल्या. त्यांचं तोंड मोकळं मी पहिल्यांदाच बघत होते. "माझी."

साहेबांनी लेखाची प्रत उचलली. ठळक अक्षरांवर बोट ठेवलं. "तुम्ही तर लिहिलंय, असं वाक्य अंगमेहनतीच्या माणसाला सुचणं अशक्य आहे."

वकील डोळ्यांनी खुणावत होता. प्रतिष्ठानची नातवंडं पहिल्या रांगेत बसली होती. जावईबापूंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा वकिलाच्या अस्तराकडं.

"सुचलं, साहेब," ते म्हणाले.

साहेब खुर्चीत मागं टेकले. "मग मी लेखक म्हणून नाव कुणाचं लिहू? मालक नाही म्हणता. आजी म्हणतात, आजोबाही एकटे नाहीत."

"टोळी लिहा," मावशी म्हणाली. ती आता वळली होती.

"टोळीला पत्ता नसतो हो आजी. स्मारकाला पत्ता लागतो."

आता मात्र मी उठले. "असतो, साहेब. पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत. सगळी टोळी इथंच राहायची. कोण कुठं राहत होतं ते वाकडे काका दारं मोजून सांगतील. आजवर तुमचा रस्ता एका लेखकाच्या घरापाशी अडत होता. आता ही सगळी लेखकांची घरं. पाडून दाखवा."

साहेबांनी बराच वेळ काचेखालचे नियम बघितले. टोळी कुठल्याच नियमात सापडली नाही. शेवटी लिहिलं, की प्रकरण अधिक चौकशीसाठी मागे पाठवावं, तोवर परिस्थिती जैसे थे. सरकारचं 'तोवर' मला चांगलं माहीत आहे. त्यात माणसाची हयात जाते. एरवी मी त्याला शिव्या देते, त्या दिवशी दिल्या नाहीत.

रस्ता अजून मावशीच्या भिंतीपाशी अडतो. कॉलेजचे सर हल्ली 'सामूहिक प्रतिभेचा शिक्का' म्हणतात. कोट तोच. पुस्तकावर नाव आजोबांचंच आहे, पाटीवरही. मावशी रोज पाटी पुसते. पूर्वी नावावर फडकं दोनदा फिरायचं, आता एकदाच फिरतं. विचारलं तर म्हणाली, "बाकीच्यांच्या नावांना कुठं पाटी आहे?" तिनं काय दिलं ते तिलाच माहीत. लहानपणापासून ती थोर नाटककाराची नात होती. आता ती टोळीतल्या एका हमालाची नात आहे, आणि तिच्या डोक्यावर छप्पर आहे.

आणि जावईबापू? त्यांनी काही गमावलं असं समजू नका. असल्या माणसांचं कधी काही जात नाही. आता सगळ्यांना सांगत सुटलेत, "मी तर आधीच म्हणालो होतो, एका हाताचं काम नाही." मालकाचं नाव त्यांनी कधी घेतलंच नव्हतं, असं ऐकणाऱ्याला वाटावं. परवा एक चष्मेवाला आला आणि नेहमीचं बोलला, "जरा बाजूला होता का? फोटो घ्यायचाय." हे जागचे हलले नाहीत.

"का व्हायचं? शेवटची ओळ माझी आहे."

एका ओळीवर लेखक झाले! माझ्या तोंडावर उत्तर आलंच होतं, पण मावशी आतून आधी बोलली.

"ती शिळी झाली हो जावईबापू. टोळीत दर फेरीला नवी लागते."

जावईबापूंनी टाचण्या ओठांत धरल्या आणि मशीनवर वाकले. तेव्हापासून विचार करतायत. अजून काही सुचलेलं नाही.